दरबारातला दोरा

माझे वडील सिनेमात होते, असं मी शाळेत सांगायचे तेव्हा मुली आधी तोंडात बोट घालायच्या आणि मग विचारायच्या, "कुठला रोल?" इथे माझी गाडी अडायची. रोल कसला आलाय डोंबलाचा! दरबार भरतो, राजा येतो, खांबाजवळ काही माणसं मान खाली घालून उभी असतात. त्यांतला डावीकडचा, फेटा जरा कानावर आलेला, तो माझा बाप. पाट्या पडतात त्यात त्यांचं नाव नाही. सिनेमावर जाडजाड पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक नाहीत. राजा झालेल्या नटाला लोक अजून ओळखतात, राणीला ओळखतात, राजाच्या घोड्याबद्दलसुद्धा एका मासिकात कौतुकाने लिहून आलं होतं. खांबाजवळच्या माणसाला कोण विचारतो?

आम्ही विचारायचो. मी आणि आई. जगात त्या माणसासाठी तिकीट काढणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी. इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते आमच्यात कोणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. पुण्याकडचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून त्यांना हसू फुटतं. फुटू दे. मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. आत कोनाड्यात विठोबा, बाहेर ओसरीवर मशीन. शहरात तेव्हा एक स्टुडिओ होता आणि मद्रासकडची बडी मंडळी राजाराणीचे सिनेमे करायला तिथे उतरायची. दरबार म्हटला की ढीगभर अंगरखे लागायचे. ते आमच्या गल्लीत शिवले जायचे.

वडिलांना एक खोड होती. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते दारात अडवायचे. खांद्यावर, बाहीला, पदराच्या काठाला सुटलेला दोरा दिसला की माणूस वाकलाच, आणि दातांनी तट्‌कन तोडला! बोटांनी ओढायचा नाही. ओढला की शिलाई गोळा होते. आईचा पदर तर रोज तपासून व्हायचा. "दोरा असो नसो, हे वाकायचेच," असं ती सांगायची, आणि सांगताना स्वतःशीच हसायची. शेजारच्या कन्नड बायका तिला चिडवायच्या, की अक्का, तुझा नवरा तुला दारात नमस्कार करतो की काय रोज? आई म्हणायची, करतो, तुमच्या डोळ्यांत का खुपतंय?

तर ते सिनेमात शिरले त्या दिवशी एकादशी होती. आमच्या घरात एकादशीला सुई-कात्री धरत नाहीत. मशीनवर धुतलेलं फडकं घालायचं, कात्री विठोबाच्या पायाशी ठेवायची, आणि दिवसभर रिकाम्या हातांनी बसायचं. शिंप्याला रिकामे हात म्हणजे शिक्षाच. वडील आदल्या दिवशी तयार झालेले अंगरखे पोचवायला स्टुडिओत गेले. तिथे दरबारातला एक माणूस आला नव्हता. ड्रेस सांभाळणाऱ्याने यांच्याकडे पाहिलं. अंगरखा यांनीच शिवलेला, अंगाला बसणार हे उघड होतं. "स्वल्प उभा राहा फक्त," तो म्हणाला. हे राहिले.

राजा आला आणि बोलायला नेमका यांच्यापुढे थांबला. राजाची किनखापी बाही यांच्या नाकासमोर. आणि बाहीच्या कडेला लोंबत होता एक लांबलचक कच्चा दोरा! स्वतःच्या हातचा, काढायचा राहून गेलेला. आता सांगा, शिंप्याने करायचं काय? कात्री नाही, असती तरी त्या दिवशी धरली नसती. सगळा दरबार मान लववून उभा होता. हे आणखी खाली वाकले, राजाच्या बाहीशी तोंड नेलं आणि दोरा तोडला. मग भानावर आले. मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

डायरेक्टर म्हणे कपाळाला हात लावून बसला. पण राजाचं भाषण लांबलचक होतं, नट एकदाचा न अडखळता बोलला होता, आणि फिल्म फुकट घालवायची कोणाची तयारी नव्हती. राहू दे म्हणाले. राहिलं.

सिनेमा लागला तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली. लोकांना ते मुद्दाम केलेलं वाटलं. इमानी सेवक राजाच्या बाहीला डोळे लावतोय असं कोणीतरी म्हणालं. आमच्या गल्लीने मात्र ओळखलं आणि एकच हशा उसळला. पुढे कितीतरी दिवस पोरं त्यांच्यामागे "राजाचा दोरा, राजाचा दोरा" ओरडत धावायची. त्यांनाही ते आवडायचं, असं आई सांगते.

मी जन्मले, रांगायलाही लागले नव्हते, आणि साध्या तापाचं निमित्त झालं. वडील गेले. आई मशीनवर बसली. घरात त्यांचा लग्नातला एक फोटो होता, पण त्यात मुंडावळ्यांमागे कोणीही असू शकेल. हलता, वाकता, चूक करून लाजणारा माणूस फक्त त्या सिनेमात होता.

सिनेमा पुन्हा लागल्याचं पोस्टर आईने पाहिलं ते शिवलेले ब्लाउज पोचवून येताना. ती रस्त्याच्या कडेला खालीच बसली म्हणे. मग घरी येऊन मला उचललं आणि मॅटिनीला गेली. त्या खेळात सगळं होतं. वाकणं, दोरा, वर पाहणं, जीभ. मी म्हणे आईच्या मांडीवर झोपले होते. आयुष्यात इतकी चुकीची झोप कोणी घेतली नसेल.

मला आठवतं ते त्याच्या पुढचं. मी शाळेत जायला लागले होते. आईने सबंध वाटेत मला बजावलं होतं, "डोळे मिटायचे नाहीत. हे वर बघतील, तेव्हा तूपण बघ. अगदी आपल्याकडे बघतात." अंधारात बसलो. तिने माझं मनगट धरून ठेवलं. मी डोळ्यांत प्राण आणून बसले. दरबार भरला, राजा आला, थांबला. खांबाजवळचा माणूस वाकला. फेटा दिसला, कान दिसला, दोरा तोडताना मानेला बसलेला हिसका दिसला. मान वर यायला लागली, आणि खट्‌! पडद्यावर एकदम घोडे धावायला लागले.

"अय्यो! तोंड कुठे गेलं?" आई मोठ्यानेच ओरडली. मागून कोणीतरी शुक्‌ शुक्‌ केलं. "सुम्ने बस रे तू," गप्प बस म्हणून आईने त्याला झापलं आणि मला ओढत बाहेर निघाली ती थेट वर, प्रोजेक्टरच्या खोलीपाशी.

ऑपरेटर गरीब माणूस. बनियनवर, घामाने निथळत, त्या खोलीच्या दारात उभा राहिला. आई काय विचारते आहे ते त्याला आधी कळेचना. मग कळलं तसा तो नीट सांगायला लागला. ती दरबाराची जागा रिळाच्या अगदी शेवटी येते. रिळाची टोकं आधी खराब होतात. ओढली जातात, तुटतात. तुटलं की तेवढा तुकडा कापायचा आणि चिकटवायचं. तो एकटाच नाही, प्रिंट जिथे जिथे जाते तिथला ऑपरेटर थोडंथोडं कापतो. मंड्यात, हासनमध्ये, नंजनगूडला.

"आणि कापलेलं?" आईने विचारलं.

"झाडून टाकतात, अम्मा."

"झाडून?" आईचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याला गावोगाव कापून केरात टाकताय?"

तो बिचारा वरमला. त्याने माझ्या हातात लिमलेटची गोळी ठेवली आणि आत गेला. आई जिन्यातच पायरीवर बसली. राग धरायचा तर कोणावर, हेच तिला उमगेना, आणि कोणावर तरी तो निघायलाच हवा होता. घरी जाईपर्यंत माझ्यावर निघाला.

तेव्हापासून मला एक वेड लागलं. वर्गातल्या मुलांकडे थिएटरच्या उकिरड्यावरून वेचलेले फिल्मचे तुकडे असायचे. उन्हात धरून बघायचे, अदलाबदल करायची, असा त्यांचा उद्योग. मी त्या टवाळांच्या मागे लागून एकूण एक तुकडा बघितला. कुठे तलवारीची मूठ, कुठे घोड्याचे पाय, कुठे नाचणारीचा अर्धा चेहरा. उन्हाकडे बघून बघून डोळ्यांतून पाणी यायचं. माझा बाप कशातच सापडला नाही. "कोणाला शोधतेस?" त्यांनी विचारलं तर मी खरं सांगितलं नाही. "राजाला" म्हणाले.

घरी मी आईला विचारायचे, "पण दिसतात कसे गं?" ती शिवता शिवता थांबायची. "नाक तुझ्यासारखं. डोळे... डोळे वेगळे." मग ती वर बघून जीभ चावून दाखवायची. पण जीभ चावलेली आईच दिसायची. मी म्हणायचे, "हं, कळलं." काय कळणार, कप्पाळ!

सिनेमा अधूनमधून येतच राहिला. कधी मॅटिनीला, कधी सकाळच्या खेळाला, दरवेळी आणखी कुठल्या पडक्या थिएटरात. आम्ही जायचो. तेवढा तुकडा बघितला की उठायचो, कारण घरी काम पडलेलं असायचं आणि पुढच्या गोष्टीशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. दारावरचा माणूस ओळखीचा झाला होता. आम्ही निघालो की "आय्ता, अम्मा?" म्हणजे झालं का, एवढंच विचारायचा आणि पडदा बाजूला धरायचा. वडील दर खेपेला थोडे कमी झालेले असायचे. आधी मान वर येणं गेलं. मग तो मानेचा हिसका गेला. नंतर नुसतं वाकणं राहिलं, तेही अर्धवट. घरी परतताना आईच्या चालण्याचा वेग कमी व्हायचा.

शेवटचा खेळ म्हैसूरबाहेर येलवालला. तिथे फिरत्या सिनेमाचा तंबू, टेंट, पडला होता. माझं कॉलेज संपत आलं होतं, लग्नाची बोलणी चालू होती, आणि खरं सांगते, मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "लग्नाआधी एकदा त्यांना भेटून ये." मी चपला घातल्या. हुणसूरच्या बसमध्ये बसलो. टेंटमध्ये बायकांच्या बाजूला वाळूवर फडकं टाकून बसलो. दरबार भरला. राजा चालत आला, त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि घोडे धावायला लागले.

मी उठायला लागले. आईने मला खाली ओढलं. "बस. पुढे कुठे चिकटवला असेल."

"आई, असं नसतं गं."

"तुला काय माहीत? चिकटवला असेल."

म्हणून आम्ही तो सिनेमा पहिल्यांदा पुरा बघितला. लढाई झाली. राणी रडली. प्रधान फितूर निघाला. पडद्यावर कुठेही चार माणसं एकत्र दिसली की आई पुढे सरसावून बसायची. शेवटी राजा जिंकून आला आणि पुन्हा तोच दरबार भरला. तोच खांब होता. खांबाजवळ दुसराच माणूस उभा होता, नीट मान लववून, अगदी शहाण्यासारखा.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बसची वाट बघत उभे राहिलो आणि आई रडायला लागली. हलकं नाही, हंबरडा फोडून. स्टॉपवरची माणसं जवळ आली, कोणी पाणी दिलं, कोणी मला कन्नडमध्ये विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, वडील. कधी, असं विचारलं नाही म्हणून बरं. वडील गेले तेव्हा आई कशी रडली ते मला ठाऊक नव्हतं, मी तान्ही होते. ते येलवालला बघितलं.

पुढे माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले, सरस्वतीपुरममध्ये घर झालं आणि आई आमच्याकडे राहायला आली. मशीनही आलं. टीव्हीवर रविवारी जुने सिनेमे लागायचे. आई दरबार असलेला एकही सिनेमा सोडायची नाही. एकदा आमचा सिनेमा लागला, पण त्यातही तीच कापलेली जागा. मी रिटायर झाले. आईला ऐकू कमी येऊ लागलं, नजर मात्र सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली राहिली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की बापाचा चेहरा आपल्या नशिबात नाही. ठरवलं म्हणून काही सुटलं नव्हतं. लग्नकार्यात कोणी म्हातारा "अगं पोरी" म्हणून हाक मारी आणि मी उगाचच वळून बघायचे.

परवा मुलीचा फोन आला. ती म्हैसुरातच, विजयनगर भागात राहते. "आई, आजीला घेऊन ये. आत्ताच ये." कुठल्याशा गोदामात त्या सिनेमाची न वापरलेली प्रिंट सापडली होती आणि कोणा हौशी माणसाने ती साफसूफ करून इंटरनेटवर चढवली होती. तिने पुढचं सांगायच्या आत मी विचारलं, "जीभ आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

आईला सांगितलं. तिने कपाटातली इस्त्रीची साडी काढली, केस पुन्हा विंचरले, आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली. मुलीने आम्हाला तिच्या भल्यामोठ्या टीव्हीसमोर बसवलं. राजा आला. किती लख्ख! किनखापावरची जर दिसत होती, बाहीला लोंबणारा दोरा दिसत होता. खांबाजवळचा माणूस वाकला, दोरा तोडला, मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. मुलीने तिथेच चित्र थांबवलं.

नाक माझं होतं. खरंच. डोळे वेगळे होते, हसरे, आता मार बसणार हे कळलेल्या मुलासारखे. मला हुंदका आला तो मी तसाच येऊ दिला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आता कसली लाज?

आई उठली. टीव्हीजवळ गेली, चष्मा पुसला, परत लावला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग वळून मला म्हणाली, "पोर आहे गं हे."

"आई, बाबा आहेत."

"ओळखलं मी. वेडी नाही झाले अजून." ती परत वळली. "पण मिसरूड फुटलेलं पोर आहे. माझे हे असे नाहीत."

"म्हणजे?"

"यांचे केस पांढरे झालेत. कंबर धरते. दारात वाकतात ते आता हळू वाकतात, मला थांबावं लागतं." ती अगदी सहज बोलत होती, शेजारच्या घरातलं सांगावं तशी. "तुला काय वाटलं, इतकी वर्षं मी एकटीच म्हातारी झाले?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "छान आहे. गुणी दिसतो मुलगा. आता चला, घरी जाऊया."

मी मुलीला म्हटलं, आजीला खाली ने, रिक्षा थांबव, मी आलेच. दार ओढून घेतलं. आईजवळ तिचे 'हे' होते, तिच्याबरोबर म्हातारे झालेले. तिला हा तुकडा नसता मिळाला तरी चाललं असतं. मला म्हातारा करायला बाप कधी मिळालाच नव्हता. टीव्हीवर तो तसाच थांबला होता, माझ्या मुलीपेक्षाही लहान, जीभ दातांत धरून माझ्याकडे बघत. मी जवळ गेले आणि "बाबा" म्हणून बघितलं. मोठ्याने. या वयापर्यंत ही हाक मी कोणालाच मारली नव्हती, आणि ती कशी मारतात तेसुद्धा मला नीट जमलं नाही.